उचलू का वाडगा?

१

थोच्या घरी रोज दुपारी बाराला दोन वाडगे वाढले जायचे आणि जेवणारी मात्र एकच होती. दुसरा वाडगा नवऱ्याचा. किमसायला जाऊन तीन वर्षं झाली होती, पण भात अजून दोघांचाच शिजायचा.

खरं तर रीत अशी की घरातल्या गेलेल्या माणसांना महिन्यातून दोनदा, प्रतिपदेला आणि पौर्णिमेला वाढलं की पुरे. पण एकटीपुरता मूठभर भात शिजवायला थोला कसंसंच व्हायचं. मग तिनं रोजच वाढायला सुरुवात केली. पुढच्या खोलीत देव्हारा, देव्हाऱ्यात गेलेल्यांची नावं कोरलेली लिम घराण्याची लाकडी पाटी, पाटीसमोर चौकोनी टेबल. टेबलावर ती वाडगा ठेवायची, उजव्या बाजूला जेवायच्या काड्या, शेजारी कालवं किंवा तळलेल्या माशाचा तुकडा, लोणच्याची काकडी. एक उदबत्ती लावायची आणि म्हणायची, "ये, जेवून घे." उदबत्ती निम्मी जळेपर्यंत वाट बघायची.

मग पोए. पोए म्हणजे चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे, एका अंगानं सपाट, दुसऱ्या अंगानं फुगीर. ते ओंजळीत धरायचे, प्रश्न विचारायचा आणि जमिनीवर टाकायचे. एक उताणा, एक पालथा पडला तर उत्तर हो. दोन्ही पालथे पडले तर नाही. दोन्ही उताणे पडले तर पलीकडचा माणूस तुमच्या प्रश्नाला हसतोय असं समजायचं.

"झालं का जेवण? उचलू का वाडगा?" थो विचारायची आणि पहिल्याच फेकीला हो यायचं. तिला त्याचं मुळीच नवल नव्हतं. किमसाय जिवंतपणीही असाच जेवायचा. पाच मिनिटांत वाडगा रिकामा, की हा उठून कालवांच्या तराफ्यांकडे चालू लागायचा. एक्कावन्न वर्षांच्या संसारात थोनं प्रत्येक जेवणाचा उरलेला अर्धा भाग समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत जेवला होता.

"मेल्यावरही घाईच का रे तुला?" असं म्हणून ती वाडगा उचलायची आणि तो गार भात आपल्या वाडग्यात ओतून एकटीच जेवायला बसायची.

२

नवव्या महिन्यात खाडीवरून वारा सुटला. त्या सुमाराची एक दुपार. थोनं पोए टाकले आणि दोन्ही पालथे पडले.

तिला हसू आलं. आज मासा तिनं खरंच छान तळला होता. तिनं थोडा वेळ थांबून पुन्हा टाकले. पालथे. उदबत्ती जळून राख झाली, वरणासारखं घट्ट झालेलं सूप थिजलं, तरी नाहीच. नवव्या फेकीला एकदाचं हो आलं, तेव्हा घड्याळात पावणेदोन झाले होते.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

थो देवभोळी असली तरी भाबडी नव्हती. चाळीस वर्षं तिनं कालवं फोडली होती. शिंपला हातात घेतला की आत माल आहे की नुसतं पाणी, हे तिला वजनावरून कळायचं. तिनं पोएचे तुकडे हातात तोलून पाहिले. दमट हवेनं एखादा फुगला असेल म्हणून दोन दिवस उन्हात ठेवले. फरशीला उतार असेल म्हणून जागा बदलली. उद्या वारा थांबेल का, शेजारणीचा मुलगा पास होईल का, असले वाटेल ते प्रश्न विचारून पाहिले, तर उत्तरं कधी हो, कधी नाही, जशी यायला हवीत तशीच आली. फक्त "झालं का जेवण?" म्हटलं की दोन्ही पालथे. दीड तास, पावणेदोन तास, आणि मग शांतपणे हो.

लाकडाच्या तुकड्यांना काय कळतंय, असं ती स्वतःला दिवसातून चारदा सांगायची. पण बारा वाजून गेले की तिचे कान मात्र त्या टेबलाकडे लागलेले असायचे.

३

त्याच दिवसांत मुलीनं ताइपेहून फोनवर फोन लावले. सोहुई ही थोची एकुलती एक. मुलगा नाही. सोहुईची मुलं परदेशी गेलेली, घरात ती आणि जावई. एक खोली रिकामी होती आणि तिला आईला घेऊन जायचं होतं. मागच्या थंडीत थो न्हाणीघरात पडली होती आणि संध्याकाळपर्यंत कुणाला पत्ता लागला नव्हता. तेव्हापासून सोहुईच्या जिवाला घोर होता. दहाव्या महिन्याच्या पौर्णिमेला गाडी घेऊन येते, असं तिनं ठरवूनच टाकलं.

थोच्या मनात जायचं होतंही आणि नव्हतंही. एकटेपणानं ती कंटाळली होती, हे खरं. भिंतीशी किती बोलणार? पण मुलगी दुसऱ्या आडनावाच्या घरात दिलेली. त्या देव्हाऱ्यावर लिमांची पाटी चालायची नाही. आपण गेलो तर किमसायला कोण वाढणार, आणि पुढे आपल्यालाही कोण वाढणार, हा प्रश्न तिला सुटत नव्हता.

"तुझ्या बाबांना विचारते," ती म्हणाली. "तीनदा हो आलं तर येते."

तिनं विचारलं. वाडगा टेबलावर होताच. "मी सोहुईकडे जाऊ का?"

पालथे. पुन्हा पालथे. तिसऱ्यांदा तर तुकडे असे आपटले की एक घरंगळत तिच्या पायाशी आला आणि पालथा पडला.

"बाबा नको म्हणतायत," तिनं फोनवर सांगितलं. सोहुई म्हणाली की बाबांनी आयुष्यभर आईला कुठे जाऊ दिलं म्हणून आता देतील. थोला ते लागलं. पण त्या रागाच्या खाली एक छोटीशी शंका होती, ती तिनं मुलीला सांगितली नाही. किमसायनं तिला कधी थांबवलं नव्हतं. ती घरात आहे की नाही, हेच त्याच्या लक्षात यायचं नाही.

४

मग काड्यांचं झालं.

वाडगा उचलताना एकदा तिचा हात काड्यांच्या टोकांना लागला. टोकं ओली होती. सूप सांडलं असेल म्हणून तिनं टेबल पुसलं. टेबल कोरडं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं काड्या मुद्दाम फडक्यानं कोरड्या करून ठेवल्या आणि दीड तासानं बघितलं. पुन्हा ओल्या, बोटाच्या पेराएवढ्याच.

समोरच्या घरात दुपारभर बायका रेडिओ लावून कालवं फोडत बसायच्या. एकदा मध्येच वीज गेली आणि रेडिओ बंद पडला. थो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर वाट बघत बसली होती. त्या शांततेत तिला पुढच्या खोलीतून आवाज आला. अगदी हलका. थांबून थांबून येणारा. दात नसलेलं माणूस भात हिरड्यांनी चावतं ना, तो आवाज.

किमसायचे दात शेवटपर्यंत शाबूत होते.

वीज आली, रेडिओवर गाणं सुरू झालं. थो उठली नाही. तिच्या मनात पहिला विचार आला तो असा की उद्यापासून भात जरा मऊ करावा.

५

मात्सू या समुद्रदेवीच्या देवळाची देखभाल बानहिंग बघायचा. सत्तरीचा, बोलायला फटकळ, किमसायचा जुना सोबती. गावात सगळे थोला किमसायवहिनीच म्हणत. तिचं स्वतःचं नाव माहेरच्या माणसांबरोबर संपलं होतं. तिनं त्याला सगळं सांगितलं. काड्यांचंही सांगितलं, आवाजाचं नाही.

बानहिंग चहा ओतत ऐकत होता. पोए खराब झाले असतील, वहिनींचे गुडघे खराब झाले असतील, असं काहीबाही बोलून झाल्यावर त्यानं सहज विचारलं, "वाढताना हाक कशी मारता?"

"ये, जेवून घे."

"एवढंच? नाव?"

"पहिलं वर्षभर म्हणायचे सगळं. हायबे गाव, घर नंबर सतरा, लिम किमसाय. मग म्हटलं, रोजरोज स्वतःच्या नवऱ्याला त्याच्याच घराचा नंबर काय सांगायचा?"

"आणि मागचं दार?"

"उघडंच असतं. माशांचा वास जायला."

बानहिंगनं किटली खाली ठेवली.

"म्हणजे दार उघडं, भात वाढलेला, आणि कुणाचंही नाव न घेता ये म्हणून हाक. वहिनी, तेवढ्यावर नवराच येईल असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

जगात ज्यांचं कुणी नाव घेत नाही, ज्यांना कुठल्याच देव्हाऱ्यावर जागा नाही, अशांना सातव्या महिन्यात दाराबाहेर वाढतात, हे थोला लहानपणापासून ठाऊक होतं. बाहेरच वाढतात. घरात कधीच बोलवत नाहीत. आणि तिनं दोन वर्षं रोज बोलावलं होतं.

"मग किमसाय कुठे गेला?" तिनं विचारलं.

"आपल्या जागेवर दुसरं कुणी बसलेलं बघून तो थांबेल? आयुष्यात कधी रांगेत उभा राहिला होता का तो?" बानहिंग म्हणाला. मग तिचा चेहरा बघून त्याचा आवाज उतरला. त्या पाहुण्याचा वाडगा मागच्या पायरीवर ठेवा, नवऱ्याला नाव घेऊन बोलवा, दार लावून घ्या, चार दिवसांत सगळं सुरळीत होईल, असं त्यानं समजावलं.

६

तिनं तसंच केलं. दार लावलं, पूर्ण नाव, गाव, घर नंबर घेऊन नवऱ्याला बोलावलं.

"आलास का?" पहिल्याच फेकीला हो.

"जेवलास?" हो. उदबत्तीची राखही पडली नव्हती. हाच तो घाईघाईचा माणूस. थो ब्लाउजच्या कडेशी चाळा करत उभी राहिली आणि तिला रडू आलं. मग तिनं ते विचारलं. "सोहुईकडे जाऊ का? बानहिंग देवळात तुझी पाटी ठेवून घ्यायला तयार आहे. रोज तुझं नाव घेईल म्हणतो." हो. हो. हो. तिन्ही वेळा. तुकडे फरशीवर नीट थांबतही नव्हते तोवर उत्तर येत होतं. विचारातही न पडता त्यानं जा म्हटलं. तिला बरं वाटायला हवं होतं.

म्हणजे मागच्या महिन्यात नको म्हणणारं माणूस दुसरंच होतं. कुणाला तरी ती जायला नको होती.

मागच्या पायरीवरचा वाडगा तिनं दुपारी दोनला जाऊन पाहिला. वाऱ्यानं भातावर शिंपल्यांचा चुरा बसला होता. गल्लीतलं कुत्रं लांबून टपून बसलं होतं. पायरीवर उभं राहून तिनं विचारलं, "झालं का?" दोन्ही पालथे. ती दार लावून आत आली आणि दाराच्या आतल्या बाजूला उभी राहिली. पलीकडे काही आवाज नव्हता. कुणी दार वाजवलं असतं तर ती घाबरली असती. कुणी वाजवत नव्हतं, म्हणूनच तिला उभं राहवेना.

तिसऱ्या दिवशी तिनं वाडगा आत आणला.

"ये," ती म्हणाली. "बाहेर धूळ आहे."

मग रोज दोन जेवणं होऊ लागली. एक पाच मिनिटांचं, एक दीड तासाचं. त्या दीड तासात ती नाव शोधायची. "लिम? तान? खो? ओंग?" सगळ्यांना नाही. बाईमाणूस का? हो. म्हातारी? दोन्ही उताणे, म्हणजे हसली. थोलाही हसू आलं. तीच अठ्ठ्याहत्तरची होती, तिनं कुणाला म्हातारी म्हणावं. गावातली सगळी आडनावं संपली, तेव्हा तिनं नाद सोडला. नाव सांगायचं नसेल तर राहू दे म्हणाली.

बारा वाजायच्या आधी हल्ली तिच्या छातीत धडधडायचं. ती भीती होती, यात शंका नाही. पण केस विंचरून बसायला लागली होती, हेही खरं.

७

पौर्णिमा आली. सोहुई तीन वाजता येणार होती. बॅग भरून झाली होती. किमसायची पाटी सकाळीच बानहिंग लाल कापडात गुंडाळून देवळात घेऊन गेला. देव्हाऱ्यावर पाटीच्या जागी धुळीचा चौकोन उरला होता. थोनं तो पुसला आणि टेबलावर एकच वाडगा वाढला. मऊ भात, कालवांचं सूप, काकडी अगदी बारीक चिरून.

"मी जातेय," ती म्हणाली. "आजचं शेवटचं. पोटभर जेव."

एकला विचारलं, पालथे. दीडला, पालथे. दोनला, सव्वादोनला, पालथे. वाडगा उचलायची परवानगी मिळाल्याशिवाय टेबल आवरता येत नाही आणि टेबल न आवरता घर बंद करता येत नाही. थोचा जीव टांगणीला लागला. आधी तिनं गोड बोलून पाहिलं, मग ती रागावली.

"अगं, भात सुकला. किती वेळ लावतेस? तुझ्यापायी माझी पोर उन्हात ताटकळायची. मी सकाळपासून उपाशी आहे, माहीत आहे?"

हे बोलली आणि ती थांबली.

किमसाय जेवून उठला की उरलेलं ती एकटीच जेवायची. पोए हो म्हणाले की ती जेवायची. गेलेल्यांचं जेवण झाल्याशिवाय जिवंत माणसानं बसायचं नाही, ही रीत ती पाळत होती. महिना-दीड महिना कुणीतरी समोर बसून घास तोंडात घोळवत होतं, ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उपाशी बसत होती, आणि पलीकडून एकच उत्तर येत होतं, "नाही, अजून नाही झालं."

तिनं आपला वाडगा आणला. असं करू नये, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या आईनं पाहिलं असतं तर कान उपटला असता. ती स्टूल ओढून टेबलाच्या अलीकडच्या बाजूला बसली, नजर खाली ठेवली आणि पहिला घास घेतला.

समोरून चावण्याचा आवाज आला.

थोनं वर बघितलं नाही. काड्यांची टोकं वाडग्यावर वाजत होती. तिनं दुसरा घास घेतला. आवाज थांबला होता, तो पुन्हा सुरू झाला. एक घास तिचा, एक समोरचा. सूप गार होतं आणि कालवं चवीला नुसती पाण्यासारखी लागत होती, तरी तिनं सगळं संपवलं. लग्नाच्या दिवसानंतर पहिल्यांदाच तिच्या शेवटच्या घासापर्यंत टेबलावर कुणीतरी होतं.

तिनं बसल्या जागेवरूनच पोए टाकले. "झालं का जेवण? उचलू का वाडगा?"

एक उताणा, एक पालथा.

"मी जाऊ मुलीकडे?"

हो. तिनं तुकडे उचलून पुन्हा टाकले. हो. तिसऱ्यांदाही हो.

तेव्हा कुठे तिनं मान वर केली. स्टूल रिकामं होतं. थो टेबलावर डोकं ठेवून पोटभर रडली. बाराच्या ठोक्याला आपली वाट बघणारं जगात फक्त तेच एक होतं आणि त्यानंही जा म्हटलं, याचं तिला रडू येत होतं.

८

वाडगे धुऊन पालथे घालते तोवर सोहुई मागच्या दारानं आत आली. गाडी तिनं मागच्या गल्लीत, शिंपल्यांच्या ढिगाशेजारी लावली होती. ती घामाघूम झाली होती, पण खुशीत होती. आईनं घातलेला चांगला ब्लाउज बघून तर तिचा जीव भांड्यात पडला.

"आई, जेवलीस का?"

"आत्ताच."

सोहुईनं बॅग उचलून वजन पाहिलं, गोळ्यांची पिशवी घेतली का विचारलं, खिडक्या लावल्या. जावयानं खोलीत नवीन पडदे लावलेत, ते आवडले नाहीत तरी आवडले म्हणून सांग, असंही बजावलं. मग रुमालानं मान पुसत म्हणाली, "मागच्या पायरीवर बसल्यात त्या मावशी कोण गं? मी ओळखलं नाही."

थोचा हात नळावरच राहिला.

"मी त्यांनाही विचारलं, जेवलात का म्हणून. तोंडात घास होता बिचाऱ्यांच्या, बोलता येईना. हातानं थांब म्हणाल्या आणि चावतायत, चावतायत. मी आपली उन्हात उभी."

"मग?"

"मग घास गिळून म्हणाल्या, तुम्ही दोघी व्हा पुढं, मी आलेच."

नळातून पाणी वाहत होतं. मागचं दार सोहुईनं येताना अर्धवट लोटलं होतं, फटीतून उन्हाची एक पट्टी स्वयंपाकघरात आली होती आणि तिच्या मधोमध काहीतरी आड आल्यासारखी ती तुटली होती. थोनं मोरीचा कठडा धरला. भीती तिला वाटली, ती कुठे लपवायची तेही कळेना. आणि त्या भीतीच्या अंगाअंगानं दुसरंही काहीतरी वर येत होतं, जे मुलीला सांगायची तिला लाज वाटली असती. तिनं नळ बंद केला.

"सोहुई, तुझ्याकडे जेवायच्या टेबलाला खुर्च्या किती?"

"चार. का गं?"

"पुरतील," थो म्हणाली. मागच्या दाराला कडी लावायची राहिलीय, असं सोहुई दोनदा म्हणाली. थोनं ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि ती पुढच्या दारानं बाहेर पडली.